साडेचार मीटर

"इथे मोठमोठे चुकतात," सर म्हणाले आणि त्यांनी खडूने फळ्यावरच्या शेवटच्या आकड्याभोवती गोल केला. "भागाकार संपला म्हणून वही मिटू नका. बाकी किती आली? चार. पण चार काय? चार मीटर? आपण सुरुवातीला काय केलं होतं ते आठवा बरं."

पुढच्या बाकांवरच्या एकाही पोराला आठवेना. मला आठवलं. मी सगळ्यांच्या मागे, चपलांच्या मांडणीशेजारच्या स्टुलावर बसले होते, मांडीवर नातीचं दप्तर होतं, आणि माझे हात एकाएकी गार पडले.

फळ्यावरचं गणित साधं होतं. फीत नऊ पूर्णांक चार मीटर, तिचे शून्य पूर्णांक सहा मीटरचे तुकडे करायचे. शून्य पूर्णांक सहाने भागायला जड जातं म्हणून दोन्ही आकडे दहापट करायचे. चौऱ्याण्णव भागिले सहा. तुकडे पंधरा, बाकी चार. तुकड्यांचा आकडा बरोबर येतो, त्याला काही करावं लागत नाही. पण बाकी मात्र दहापट फुगलेली असते, तिला परत खाली आणावं लागतं. म्हणजे उरलेली फीत चार मीटर नव्हे, शून्य पूर्णांक चार मीटर. हातभरसुद्धा नाही.

सरांनी हे सगळं फळ्याकडे तोंड करून सांगितलं आणि सांगून झाल्यावरही ते थोडा वेळ तसेच उभे राहिले.

सर म्हणे. मी त्याला मनातल्या मनात कधी 'अहो'सुद्धा म्हटलेलं नाही. हा माणूस मोठ्या रुग्णालयाचा स्टोअरकीपर होता आणि बावीस वर्षांपूर्वी त्याने याच बाकीवरून मला चोर ठरवलं होतं.

मी तेव्हा त्या रुग्णालयाच्या शिवणखोलीत कापड कापायला होते. खोलीत तीन शिलाई यंत्रं, मधे लांबलचक टेबल, टेबलाच्या कडेला ठोकलेली पितळेची मीटरपट्टी आणि उजेडासाठी मोठी खिडकी. थानाचा एक हिशेब असतो, कात्रीचा दुसरा असतो, आणि दोन्ही माझ्या बोटांत होते. चौथीनंतर शाळा सुटली होती, पण कापडाच्या चार, आठ, बारा घड्या घालून मी कुणालाही सांगू शकायची, यातून किती उशांचे अभ्रे निघतील आणि चिंधी केवढी उरेल. कागदावर विचाराल तर माझी बोंब. मेट्रन म्हणायच्या, हिला पट्टी देऊच नका, हिचे हातच मीटर आहेत.

त्या सोमवारी ऑपरेशनच्या टेबलावर घालायच्या हिरव्या चादरींचं थान आलं. थानावर शिक्का होता, सत्तेचाळीस पूर्णांक तीन मीटर. एक चादर एक पूर्णांक आठ मीटरची. मी सव्वीस चादरी कापल्या आणि उरलेला तुकडा घडी घालून वर ठेवला. तो अर्धा मीटर होता. मी तो पट्टीवर धरूनही पाहिला होता, कारण एवढ्यात नर्सबाईंच्या टोप्या निघतात का ते मला बघायचं होतं.

दुपारी स्टोअरकीपरने मला बोलावलं. त्याच्या समोर कागद होता आणि कागदावर सुबक, तिरप्या अक्षरात भागाकार. चारशे त्र्याहत्तर भागिले अठरा. अठरा दुणे छत्तीस, वरचे तीन उतरवून एकशे तेरा, अठरा सक एकशे आठ. चादरी सव्वीस, बाकी पाच. पाच मीटर कापड परत यायला हवं, आलंय अर्धा मीटर, बाकीचं साडेचार मीटर कुठे गेलं?

मी म्हटलं, साहेब, एवढंच उरलं. त्याने कागद माझ्याकडे फिरवला. मला त्यातलं काय कळणार? मला एवढंच दिसत होतं की आकडे एकाखाली एक सरळ रांगेत उभे आहेत आणि कुठेही खाडाखोड नाही. तरी मी माझ्या परीने बोलले. मी म्हटलं, पाच मीटर उरले असते तर मी अजून दोन चादरी काढल्या नसत्या का?

तो म्हणाला, "तेच तर मी म्हणतोय. काढल्यास आणि नेल्यास."

बावीस वर्षांत मी हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल त्याची गणती नाही. भांडी घासताना, केस विंचरताना, दवाखान्याच्या रांगेत. माझंच खरं बोलणं उचलून त्याने माझ्याच तोंडावर फेकलं होतं, आणि त्याला उलट काय म्हणायचं ते मला तेव्हा सुचलं नाही, पुढेही सुचलं नाही.

चौकशीला तीन जण बसले. तिघांनी तो भागाकार तपासला. अठरा दुणे छत्तीस बरोबर, एकशे तेरातून एकशे आठ गेले, राहिले पाच, तेही बरोबर. तिघांनी मान डोलावली आणि सह्या केल्या. मेट्रननी माझी बाजू घेतली, पण त्यांनाही कागदापुढे बोलता येईना. कुणीतरी तो कागद बाजूला ठेवून नुसता गुणाकार केला असता तर? पण त्यांना भागाकार तपासायला सांगितलं होतं, त्यांनी भागाकार तपासला.

मला नोकरीवरून काढलं नाही. दया म्हणे. मला मागच्या शेडमध्ये धुलाईला टाकलं. तिथे एकवीस वर्षं मी रक्ताच्या चादरी उकळल्या. वर्षभरात तो बढती घेऊन मुख्य कचेरीत गेला आणि पुन्हा कधी माझ्या समोर आला नाही. मला मात्र नाव मिळालं. साडेचार. आधी शिपाई पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, मग त्यातली खोच गेली आणि नुसतं नाव उरलं. नव्याने लागलेल्या मुलींना वाटायचं मी साडेचारला सुटते म्हणून मला साडेचार मावशी म्हणतात. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. काय सांगणार होते?

हेही मी गिळलं असतं. पण माझी लेक तेव्हा अकरा वर्षांची होती. तिच्याकडे एक हिरवा फ्रॉक होता, चौकशीच्या कितीतरी आधी घेतलेला, हिरवाही वेगळा, पोपटी. शिपायांची पोरं तिच्याच शाळेत होती. त्यांनी त्या फ्रॉकला नाव ठेवलं, साडेचार मीटरचा फ्रॉक. तिने तो घालायचं सोडलं. त्यानंतर आजतागायत तिने हिरव्या रंगाचं काही अंगाला लावलेलं नाही. आणि एकदा, एकदाच, संध्याकाळी मी पीठ मळत असताना तिने विचारलं होतं, आई, तू खरंच नेलंस का ग? मी नाही म्हटलं. तिने मान हलवली. पुन्हा कधी विषय काढला नाही. पण ती मान कशी हलली ते मी विसरले नाही. पटल्यावर माणूस मान हलवतं ती वेगळी असते.

तर त्या दिवसापासून मी त्या माणसावर डूख धरून होते. त्याचं वाईट व्हावं म्हणून मी काय काय योजलं होतं ते सांगितलं तर तुम्ही माझ्याशी बोलणं टाकाल. जिन्यावरून पडावा. जीभ लुळी पडावी. म्हातारपणी पोरांनी विचारू नये. यातलं काहीच झालं नाही. तो ठणठणीत निवृत्त झाला, घराच्या पुढच्या खोलीत फळा रंगवून घेतला आणि पोरांना गणित शिकवायला लागला. लोक त्याला सर म्हणायला लागले, आणि माझ्या लेकीने, तिला बिचारीला काय माहीत, तिच्या पोरीचं नाव त्याच क्लासमध्ये घातलं. लेक चष्म्याच्या दुकानात कामाला जाते, तिला सातशिवाय सुटका नाही. म्हणून पाचला नातीला पोचवायचं आणि सहाला आणायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या दिवशी दार त्यानेच उघडलं. केस पांढरे झाले होते, चष्मा जाड झाला होता, पण उभं राहण्याची ढब तीच, एका खांद्यावर कललेली. मी दप्तर घट्ट धरलं. तो माझ्याकडे पाहून हसला आणि म्हणाला, आजी, उन्हात कशाला उभ्या राहता, आत बसा की.

त्याने मला ओळखलं नव्हतं. ओळखलं असतं आणि चेहरा पडला असता तर कदाचित मी पोरीला दुसऱ्या क्लासला घातलं असतं. पण ज्या बाईचं त्याने वाटोळं केलं तिचा चेहराही त्याच्या लक्षात नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आत गेले आणि बसले. रोज बसायला लागले.

तो रोज पाणी विचारायचा. मी रोज नको म्हणायची. चार महिन्यांत मी त्या घरातला पाण्याचा थेंब तोंडात घेतला नाही. घसा कोरडा पडला तरी नाही.

सुरुवातीला नुसता राग राग करत बसायची. मग कान आपोआप फळ्याकडे जायला लागले. त्याने दशांशांचे भागाकार सुरू केले त्या दिवशी मी ताठ बसले, कारण असंच काहीसं त्या कागदावर होतं. नातीला म्हटलं, मलाही हे शिकायचंय. ती आधी हसली आणि मग अशी मास्तरीण झाली की विचारू नका. आजी, अठराचा पाढा म्हण. आजी, बोटं मोजायची नाहीत. तिच्या जुन्या वहीची मागची पानं मला मिळाली. माझं सगळ्यात जास्त अडायचं ते वरचा आकडा खाली उतरवताना. दोन आकडे एकदम उतरवायची, नाहीतर उतरवायचाच विसरायची. दशांश चिन्ह तर मला उवेसारखं वाटायचं, आत्ता इथे होतं, आता कुठे गेलं? धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना मी अठराचा पाढा म्हणायची. अठराचाच का, ते नातीने विचारलं नाही. तीन आठवड्यांनी मला साधा भागाकार यायला लागला, सहा आठवड्यांनी दशांशाचा.

मग चारशे त्र्याहत्तर भागिले अठरा करून पाहिलं. एकदा नाही, सात वेळा. दरवेळी बाकी पाच. तुम्हाला सांगते, त्या आठवड्यात मला माझ्याच हातांचा संशय यायला लागला. कागद खोटं बोलत नाही म्हणतात. मग मीच पट्टी चुकीची धरली होती का? थानातून कापड मीच कुठे विसरले होते का? माझ्या मनात असलं कधी आलं नव्हतं, ते त्या गणिताने आणलं.

आणि म्हणूनच त्या दिवशी, फितीचं गणित संपवून त्याने बाकीभोवती गोल केला तेव्हा माझे हात गार पडले.

क्लास सुटला. मी नातीला जवळजवळ ओढतच घरी आणलं. चपलासुद्धा न काढता ओट्यावर वही ठेवली आणि पुन्हा मांडलं. सव्वीस, बाकी पाच. मग पाचाला खाली आणलं. शून्य पूर्णांक पाच. अर्धा मीटर.

नात म्हणाली, आता ताळा कर, सर म्हणतात ताळा केल्याशिवाय खरं नाही. मी ताळा केला. सव्वीस गुणिले एक पूर्णांक आठ, सेहेचाळीस पूर्णांक आठ. त्यात अर्धा मिळवला, सत्तेचाळीस पूर्णांक तीन. थान जसंच्या तसं भरलं. मग त्याचे पाच मिळवून पाहिले. एक्कावन्न पूर्णांक आठ. सत्तेचाळीस मीटरच्या थानातून या शहाण्याने जवळजवळ बावन्न मीटर कापड काढलं होतं आणि तीन शहाण्यांनी त्यावर सह्या केल्या होत्या.

मी रडले नाही. मला हसू आलं, पण ते चांगलं हसू नव्हतं. नात जरा बाजूला सरकली.

उट्टं काढायचं तर आत्ताच जाऊन त्याच्या दारात बोंबलता आलं असतं. पण दारातलं बोलणं हवेत जातं. मला ते माझ्या लेकीच्या समोर हवं होतं आणि त्याच्या तोंडून हवं होतं. मी सांगून काय उपयोग? मी तर तेव्हाही सांगितलं होतं.

सहामाही संपली की तो पालकांना बोलवायचा. शनिवारी दुपारी चार वाजता. प्रत्येक मूल फळ्यावर एक गणित सोडवायचं आणि आयाबापांनी कौतुकाने बघायचं. लेक म्हणाली, शनिवारी नवा माल येतो, मला जमणार नाही, तू आहेसच ना. मी म्हटलं, तुला यायलाच पाहिजे. ती म्हणाली, अग, पोरं चार गणितं सोडवणार, एवढं काय त्यात? मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि म्हणाली, म्हातारपणी तू फार हट्टी झालीस. होऊ दे.

पुढचे बारा दिवस मी अंगणातल्या मांजरासारखी दबा धरून होते. त्याने कुठल्या पोराची पाठ थोपटली की मनात म्हणायची, थोपट बाबा, थोपट. एकदा त्याच्या हातून चष्मा पडला आणि माझ्या पायाशी आला. मी उचलून दिला. तो म्हणाला, फार उपकार झाले आजी. मी म्हटलं, त्यात काय.

शनिवारी खोली भरली होती. पोरं बाकांवर, आईबाप भिंतीला टेकून उभे. लेक दाराशी उभी होती, दुकानाच्या कपड्यांतच आलेली. एकेक मूल उठलं, चुकलं, सावरलं, टाळ्या झाल्या. माझ्या नातीने बरोबर सोडवलं आणि माझ्याकडे बघून नाक उडवलं. शेवटी तो हात झटकत म्हणाला, चला, झालं सगळ्यांचं.

मी उठले. म्हटलं, "सर, माझं राहिलंय."

लोक हसले, चांगल्या मनाने हसले. तोही हसला आणि पोरांना म्हणाला, बघा, आजींनी मागे बसून सगळं शिकून घेतलंय, शिका काहीतरी त्यांच्याकडून. त्याने स्वतःच्या हाताने मला खडू दिला. लेक दारातून डोळ्यांनी मला दटावत होती.

मी फळ्यावर लिहिलं, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात. लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत गेले. एका रुग्णालयाच्या शिवणखोलीत हिरव्या कापडाचं थान आलं, सत्तेचाळीस पूर्णांक तीन मीटर. एक चादर एक पूर्णांक आठ मीटरची. चादरी किती झाल्या आणि कापड किती उरलं?

मी मागे वळून पाहिलं नाही. पण खोलीत एक श्वास चुकला तो मला ऐकू आला, आणि तो कुणाचा ते मला माहीत होतं. अठरा दुणे छत्तीस. तीन उतरवले. अठरा सक एकशे आठ. सव्वीस. बाकी पाच. पाचाभोवती मी गोल केला, अगदी त्याच्यासारखा. मग वळले आणि खडू त्याच्यापुढे धरला.

"बाकी तुम्ही सांगा, सर."

तो खुर्चीला धरून उभा होता. मला ओळखलं होतं. आता ओळखलं होतं. माझ्या चेहऱ्यावरून नाही, आकड्यांवरून. त्याने खडू घेतला आणि पाचाच्या डावीकडे एक टिंब आणि शून्य घातलं.

"शून्य पूर्णांक पाच," तो म्हणाला.

"म्हणजे किती मीटर?"

"अर्धा मीटर."

"आणि पाच मीटर कुणी लिहिलं होतं?"

एक बाप फोनवर काहीतरी बघत होता, त्याने तो खिशात घातला. पोरांना वाटलं हाही धड्याचाच भाग आहे. लेकीने दारातून आत एक पाऊल टाकलं. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिने ते आकडे ओळखले आहेत. माझ्या घरात वाढलेल्या पोरीला ते कसे कळणार नाहीत?

"मी लिहिलं होतं," तो म्हणाला. आवाज बारीक होता पण सगळ्यांना ऐकू गेला. "चूक माझी होती. कापड कुणी नेलं नव्हतं. यांनी नेलं नव्हतं."

मी ठरवलं होतं की इथे थांबायचं. लेकीने ऐकलं होतं, काम झालं होतं. पण मला गेले बारा दिवस एक प्रश्न टोचत होता, राहवेना. फितीच्या गणिताच्या दिवशी तो फळ्याकडे तोंड करून उभा का राहिला होता? मी विचारलं, तुम्हाला हे कधी कळलं?

खोटं बोलला असता तर मी ओळखलं नसतं. पण तो खरं बोलला. पुढच्याच महिन्यात, म्हणाला. दुसरं थान आलं, ते त्याने स्वतः उभं राहून कापून घेतलं. कागदावर सहा मीटर उरत होते आणि हातात अर्ध्या मीटरहून जरासा मोठा तुकडा आला. मग त्याने बसून शोधून काढलं की कुठे चुकतंय.

"मग काय केलंत?"

"पुढचे हिशेब बरोबर करायला लागलो."

"आणि माझं?"

"त्यावर सह्या झाल्या होत्या," तो म्हणाला. "आणि माझी बढती यायची होती."

एक महिना. मी धुलाईच्या शेडमध्ये गेले त्याला धड एक महिना झाला नव्हता. माझ्या हातांची सालं निघायला तेव्हाच सुरुवात झाली होती, लेकीचा फ्रॉक तेव्हा पेटीत गेला होता. त्याला एक चिठ्ठी लिहायची होती. त्याऐवजी त्याने पुढे पोरांना शिकवायला एक सूचना तयार केली, इथे मोठमोठे चुकतात.

तो माफी मागायला लागला. मान खाली, चष्मा हातात. डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं. भिंतीपाशी कुणीतरी हळूच म्हणालं, जाऊ द्या आजी, म्हातारा माणूस आहे. मी म्हटलं, म्हातारी मीही आहे. त्याला म्हटलं, माफीबिफी राहू द्या. फळ्यावर लिहा.

"काय लिहू?"

"जे बोललात ते."

त्याने लिहिलं. अक्षर तेच, तिरपं, सुबक. साडेचार मीटर कापड कुणीही नेलेलं नव्हतं. चूक भागाकार करणाऱ्याची होती. शेवटी पूर्णविराम दिला. आणि पोरांना काय, सवय. फळ्यावर पडलं की वहीत उतरवायचं. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि लिहायला लागली. चौदा वह्यांत ते वाक्य गेलं. एकीने तर खाली पट्टीने रेघही मारली.

त्याने फळ्याचं पुसणं उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, राहू द्या आजचा दिवस. त्याने ते खाली ठेवलं, आणि काय करावं ते न सुचून पाण्याचा पेला भरून माझ्यापुढे धरला. मी तो घेतला नाही.

आम्ही बाहेर पडलो. लोक म्हणतात सूड घेतला की माणूस रिकामं होतं, समाधान मिळत नाही. खोटं आहे. मला मिळालं. छाती भरून आली होती, पोटात गारवा होता, त्याची ती खाली गेलेली मान मी शंभर वेळा बघितली असती. नात पुढे उड्या मारत चालली होती आणि मी लेकीकडे बघत होते. आता ती काय म्हणते, एवढ्यासाठी तर सगळं केलं होतं.

ती माझ्या बरोबरीने चालायला लागली. मग तिने माझ्या हातातली पिशवी घेतली.

"आई, एक सांगू? मला वाटायचं तू नेलं असशील."

मी म्हटलं, माहीत आहे.

"नाही, ऐक. मी रागावले नव्हते कधी. तेव्हा आपली किती ओढाताण होती, माझ्या अंगावर धड कपडा नव्हता. मला वाटायचं, नेलं असेल तर माझ्यासाठीच नेलं असेल. मी तुला तेव्हाच माफ करून टाकलं होतं."

ती हे मला बरं वाटावं म्हणून सांगत होती. त्या माणसाला मी माफी दिली नव्हती, आणि माझी ही लेक, अकरा वर्षांची असल्यापासून, रोज माझ्या ताटात जेवत, माझ्या कुशीत झोपत, मला माफ करत आली होती. जे मी केलंच नव्हतं त्याची माफी. शंका असती तर मी ती फेडली असती. पण हिला शंकासुद्धा नव्हती, मी नेलं हे तिने धरूनच ठेवलं होतं.

मी म्हटलं, "अर्धाच मीटर होता ग."

"हो," ती म्हणाली, "कळलं आता मला." आणि तिने डोळे पुसले.

आम्ही रुग्णालयाच्या फाटकावरून जात होतो. घरचा रस्ताच तो आहे. फाटकावरचा नवा पहारेकरी गुणी आहे, मी निवृत्त झाले तेव्हा माझं सामान त्याने रिक्षात चढवून दिलं होतं. त्याने लांबूनच पाहिलं आणि खुशीत हाक मारली, "साडेचार मावशी, आज सगळ्या मिळून?"

आणि मी काही विचार करायच्या आत वळून त्याला ओ दिली.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. नात रस्त्याच्या कडेला थांबली होती, गाड्या संपायची वाट बघत. आम्ही तिघी तिथे उभ्या राहिलो आणि रस्ता मोकळा झाल्यावर पलीकडे गेलो.